दोनचा तीनशेवा की तीनचा दोनशेवा?

शरणप्पा बिराजदारांनी फक्त एक फोन करायचं ठरवलं होतं. तोही शाळेच्या मागं, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहून, चटकन उरकायचा. त्या फोनापायी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरात दोन कोऱ्या चादरी, किटलीभर चहा आणि आपली स्वतःची इज्जत एकाच वेळी आडवी होणार आहे, हे त्यांना आधी कळलं असतं तर त्यांनी तो फोन केला नसता. (केला असता. शरणप्पांना ओळखणारा कुणीही हेच सांगेल.)

शरणप्पा एका खाजगी शाळेत क्लार्क होते. बोनाफाइड, दाखले, हजेरीपट, शिक्षकांच्या रजा हे त्यांचं राज्य. पण बाहेर कुणी विचारलं, "काय करता?" तर ते म्हणत, "शाळेत असतो." समोरचा आपोआप "सर" म्हणायला लागे आणि शरणप्पा त्याला अडवत नसत. "कोणता विषय?" असं पुढं विचारलं की ते मान किंचित तिरकी करून म्हणत, "आकड्यांचं काम सगळं माझ्याकडंच." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. गल्लीत मात्र गणिताचे बिराजदार सर म्हणून त्यांचं नाव झालं होतं, आणि भाजीवाल्यासमोर ते कधी मोबाइल काढून हिशेब करत नसत. चुकला तरी तोंडीच करत.

त्यांची एकुलती एक मुलगी दानेश्वरी मात्र खरोखरची गणितातली एम.एस्सी. होती. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये ती शिकवायची. पोलीस भरती, बँक, रेल्वे, सगळ्या परीक्षांची मुलं तिच्यापुढं बसायची. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळं भलेथोरले आकडे नुसत्या डोक्यानं कसे तोलायचे, हे शिकवण्यात तिचा हातखंडा होता. शिकवून शिकवून तिला एक खोड लागली होती. माणूस कसा आहे हे बघायचं असेल तर त्याला एक गणित घालायचं.

तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा तिनं आईवडिलांना स्पष्ट सांगितलं, "बघायला येणारे मला विचारतात, स्वयंपाक येतो का, भाकरी थापता येते का. विचारू देत. मी सांगेन. मग मीही मुलाला एक प्रश्न विचारणार. एकच."

"कसला प्रश्न?" श्रीदेवीबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, धास्तावून विचारलं.

"दोनचा तीनशेवा घात मोठा, की तीनचा दोनशेवा?"

"म्हंजे?"

"म्हणजे दोनला दोननं गुणायचं, परत दोननं, परत दोननं, असे तीनशे वेळा दोन. आणि इकडं तीनला तीननं, असे दोनशे वेळा तीन. कुठला आकडा मोठा होईल? कॅल्क्युलेटर नाही, मोबाइल नाही. हातातला चहा संपेपर्यंत वेळ."

"अगं, लगीन करायचंय की भरती?" श्रीदेवीबाई म्हणाल्या.

शरणप्पा पेपर वाचत होते. गणिताच्या बिराजदार सरांनी यावर काहीतरी बोलणं भागच होतं. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "सोप्पं आहे की." आणि पान उलटलं. झालं. त्या तीन शब्दांनी पुढची सगळी दारं बंद करून टाकली, कारण त्यानंतर लेकीला उत्तर विचारायची सोय उरली नाही.

पहिलं स्थळ पुण्याचं आलं. मुलगा गोरापान, कंपनी मोठी. प्रश्न ऐकला आणि त्याचा एक हात हळूच टीपॉयखाली गेला. दानेश्वरीनं वाकून बघितलं तर मांडीवर मोबाइल. दुसरा मुलगा बेंगळुरूचा. तो हसून म्हणाला, "हे सगळं आता एआय करतं." दानेश्वरी म्हणाली, "मग त्यालाच आणायचं होतं की सोबत." तिसऱ्या वेळी मुलगा काही बोलायच्या आत त्याचा मामाच म्हणाला, "दोन्ही मोठेच आहेत की. आपल्या घरात मोठ्यांचा सारखाच मान असतो." तिन्ही स्थळं गेली.

श्रीदेवीबाई देवापुढं बसून डोळे पुसत. शरणप्पाही चेहरा लांब करून बसत, पण खरं सांगायचं तर आतून त्यांना बरं वाटत असे. पुणे गेलं, बेंगळुरू गेलं, तिसरा तर दुबईला निघालेला होता. संध्याकाळी शाळेतून आलं की दानेश्वरी क्लासवरून येईपर्यंत शरणप्पा भाजक्या शेंगांची वाटी मधे ठेवून तिची वाट बघत बसायचे. मग ती क्लासमधल्या मुलांच्या गमती सांगायची, ते शाळेतल्या. ती लांब गेली तर संध्याकाळी त्या वाटीपुढं आपण एकटेच, हा विचार त्यांना छळत राहायचा. हे ते कुणाला बोलत नसत. बापानं असं बोलायचं नसतं, अशी त्यांची समजूत होती.

आणि अशात अभिमन्यू हत्तुरेचं स्थळ आलं.

मुलगा टेक्स्टाईल इंजिनिअर, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात. माणसं मूळची दुधनीची, वडिलांचं तिथं धान्याचं दुकान, पण घर आता जुळे सोलापुरात. जुळे सोलापूर! शरणप्पांच्या स्कूटरनं सिग्नल मिळाला तर दहा मिनिटं, नाही मिळाला तर पंधरा. फोटो न बघताच त्यांना मुलगा पसंत पडला. दानेश्वरीनं फोटो बघितला आणि मोबाइल परत द्यायला अंमळ वेळ लावला. हे शरणप्पांनी टिपलं. आता मधे उभा होता तो फक्त तो प्रश्न.

शरणप्पांनी ठरवलं, उत्तर आपणच काढायचं आणि गुपचूप तिकडं पोचवायचं.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी तोंडी सुरुवात केली. दोन दुणे चार, चार दुणे आठ, आठ दुणे सोळा... समोर एक पालक बोनाफाइडसाठी उभे होते. शरणप्पा ओठ हलवत लिहीत होते. पालकांनी कागद हातात घेतला, वाचला आणि म्हणाले, "सर, पोरगं सातवीत हाय. हितं जन्मसाल एक हजार चोवीस पडलंय."

मग त्यांनी ऑफिसचा कॅल्क्युलेटर काढला. (नियम भाजीवाल्यापुरता होता.) दोनला दोननं गुणत गेले. खूप वेळ आकडे वाढत राहिले आणि मग पडद्यावर नुसता एक ई उमटला. पुढं ढिम्म हलेना. तीनला घेऊन तेच केलं, तर ई फारच लवकर आला. शरणप्पांनी खुर्चीला टेकून या घटनेचा अर्थ लावला. तीन लवकर दमला. दोन बराच वेळ टिकून राहिला. म्हणजे दोनच दमदार.

तरी खात्री करावी म्हणून त्यांनी लहान आकडे घेऊन पाहिले. दोनचा दहावा घात एक हजार चोवीस, हा तर त्या बोनाफाइडमुळं पाठच झाला होता. तीनचा पाचवा फक्त दोनशे त्रेचाळीस. दोनच पुढं! दहाचा वर्ग शंभर, दोनचा दहावा त्याच्या दसपट. परत दोनच पुढं! शरणप्पांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हे तर आपल्याला आयुष्यभर माहीत आहे. शाळेत खाली कोण बसलंय याला कुत्रं विचारत नाही, वर कोण बसलंय ते बघायचं. हेडमास्तर कसेही असोत, संस्थेत त्यांच्या डोक्यावर कोण आहे त्यावर सगळं ठरतं. आकड्यांचंही तेच. "वरचा मोठा, तो मोठा." दोनच्या डोक्यावर तीनशे, तीनच्या डोक्यावर दोनशे. विषय संपला.

हा शोध त्यांनी त्या दिवशी शिपायाला सांगितला, चहावाल्याला सांगितला, घरी आल्यावर जेवताना दोनदा पुटपुटला. दानेश्वरीनं विचारलं, "कोण वरचा मोठा, अप्पा?" ते म्हणाले, "संस्थेचं राजकारण गं. तुला नाही कळायचं."

आणि मग पाण्याच्या टाकीच्या आडोशाचा तो फोन.

"हत्तुरेसाहेब, मी बिराजदार बोलतोय."

"बोला की सर!" अभिमन्यूचे वडील सिद्धाराम हत्तुरे दुधनीच्या दुकानातून ओरडून बोलत होते. मागं हमालांचा कालवा चालला होता. "रविवारी येतोय बघा आमी. तिघंच हाय."

"या या. त्याआधी एक खाजगी बोलायचं होतं. आमची मुलगी मुलाला एक प्रश्न विचारते."

"ऐकलंय की. त्या पुण्यावाल्यांचे पावणे आमचे बी पावणे हायत. लई अवघड असतंय म्हणं?"

"अवघड काही नाही. उत्तर सांगून ठेवतो. दोनचा तीनशेवा घात मोठा. कारण काय, तर वरचा मोठा, तो मोठा. मुलाला एवढंच पाठ करायला सांगा."

पलीकडं हत्तुरेंचा आवाज एकदम मऊ झाला. "सर, मुलीकडच्यानं पेपर फोडून देतेत असलं मी जन्मात बगितलं न्हाई. देवमाणूस हाव तुमी."

"यारिगू हेळब्याड्री," शरणप्पा कुजबुजले. कुणाला सांगू नका हे मराठीत म्हटलं तर भिंतींना कळेल, असं त्यांना वाटलं असावं.

"हौद्री, हौद्री! कुणाला न्हाई," हत्तुरे म्हणाले. दुकानातल्या यच्चयावत हमालांना ऐकू जाईल अशा आवाजात.

रविवार उजाडला. श्रीदेवीबाईंनी उप्पीट केलं, शिरा केला, आणि चहा मोठ्या किटलीत करून ठेवला. जाताना पाहुण्यांना द्यायला दोन नव्या चादरी कपाटातून काढून टीपॉयच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. सोलापुरात पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही, आणि हात भरायला चादरीइतकं सोयीचं काही नाही. पाहुणा स्वतः चादरीच्या कारखान्यातला असला तरी देतात.

अभिमन्यू आला. उंच, सावळा, जरा लाजरा. त्याचे वडील आल्या आल्या शरणप्पांकडं बघून एक डोळा बारीक करून हसले. शरणप्पांनी घाईघाईनं छताकडं पाहिलं. अभिमन्यूच्या आईनं भाकरीची चौकशी केली, दानेश्वरीनं तीन प्रकारच्या भाकरी सांगितल्या. मग चहा आला आणि तिनं ओढणी सावरत विचारलं, "मी एक विचारू का?"

"विचारा," अभिमन्यू म्हणाला.

"दोनचा तीनशेवा घात मोठा, की तीनचा दोनशेवा?"

अभिमन्यूनं कप खाली ठेवला. खिशाला हात लावला नाही. तो टीपॉयकडं बघत राहिला, मग त्याची बोटं गुडघ्यावर हलली, आणि चेहरा एकदम खुलला. दानेश्वरी त्याच्याकडं एकटक बघत होती. तो तोंड उघडणार, इतक्यात हत्तुरे मोठ्यानं खोकले.

अभिमन्यूनं वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी भुवयांनी शरणप्पांकडं खूण केली. शरणप्पांनी डोळे मिटून होकारार्थी मान हलवली. (ती हालचाल आशीर्वादासारखी दिसावी असा त्यांचा प्रयत्न होता.) अभिमन्यूचा चेहरा पडला. तो म्हणाला, "दोनचा तीनशेवा."

"का?"

"वरचा मोठा, तो मोठा."

दानेश्वरी हळूच वळली. "अप्पा," ती म्हणाली, "हे संस्थेचं राजकारण यांच्यापर्यंत कसं पोचलं?"

"कुठलं?" शरणप्पांनी विचारलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"आठवडाभर जेवताना तुम्ही हेच वाक्य जपताय."

हत्तुरेंना हा शरणप्पांच्या मदतीला धावून जायचा क्षण वाटला. "मुली, तुज्या वडलांवर रागवू नगं. त्यांनी काय वाईट केलं? फोन करून नुसतं उत्तर सांगितलं. मुलीचं भलं व्हावं म्हणून."

श्रीदेवीबाईंनी पदर तोंडाला लावला. दानेश्वरीनं अभिमन्यूला विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हालाही हेच उत्तर आलं होतं?"

अभिमन्यू खाली बघत म्हणाला, "मला तीनचा दोनशेवा आला होता. पण मुलीच्या वडिलांनीच उत्तर दिलंय म्हटल्यावर... मला वाटलं, तुमच्या घरी हेच बरोबर धरत असतील."

इथं शरणप्पांनी गप्प बसायला हवं होतं. दोन्ही हात जोडायचे, चुकलं म्हणायचं, शिऱ्याची बशी पुढं करायची; प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण पेपर फोडल्याचा आरोप एक वेळ त्यांना पचला असता, उत्तर चुकल्याचा कसा पचेल? ते ताठ उठून उभे राहिले. "फोन केला. कबूल. पण उत्तर बरोबर आहे!"

"अहो, बसा खाली," श्रीदेवीबाई म्हणाल्या.

"का बसू? ऑफिसच्या कॅल्क्युलेटरवर बघितलंय मी. तीनला आधी दम लागतो! आता आलेल्या मुलानं मला सांगायचं की तीन मोठा? दाखव म्हणावं!"

अभिमन्यूनं इकडंतिकडं पाहिलं. त्याची नजर टीपॉयखालच्या चादरींवर गेली आणि दिवसभरात पहिल्यांदाच तो आपल्या घरी असल्यासारखा वागला. "या घेऊ का?"

"त्या तुमच्यासाठीच..." श्रीदेवीबाई म्हणत होत्या तोवर त्यानं दोन्हींचं प्लास्टिक फाडलंसुद्धा.

"आमच्याकडं पॅकिंगला दोन्ही पद्धती चालतात," तो म्हणाला. "एक दुहेरी घडी, एक तिहेरी. हे बघा. ही चादर मधोमध दुमडली, दोन पदर. परत मधोमध, चार. परत, आठ. दोनची घडी तीनदा घातली, आठ पदर झाले." ती चादर त्यानं कपबश्या आणि किटली बाजूला सारून टीपॉयवर ठेवली. "आता ही दुसरी. हिचे तीन भाग करून दुमडली, तीन पदर. परत तीन भागांत, नऊ. तीनची घडी दोनदाच घातली, तरी नऊ पदर." ती पहिलीला खेटून ठेवली. "तीनशे वेळा दोन म्हणजे असे शंभर वेळा आठ. दोनशे वेळा तीन म्हणजे असे शंभर वेळा नऊ. आठापेक्षा नऊ मोठे, मग शंभर आठांच्या गुणाकारापेक्षा शंभर नवांचा गुणाकार मोठाच."

दानेश्वरीच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जसं क्लासमधल्या शेवटच्या बाकावरच्या मुलानं हात वर केल्यावर येतं. ती पटकन दुसरीकडं बघायला लागली. पण शरणप्पांना ते हसू दिसलंच नाही. ते चादरींवर वाकले होते.

"नऊ कुठं आहेत? आठच आहेत. एक, दोन, तीन... ही किनार दोनदा मोजलीय तुम्ही!"

"अप्पा, राहू दे."

"राहू दे कसं? मी मोजतो. अहो, जरा उजेड सोडा!" असं म्हणत त्यांनी चादरीचा कोपरा स्वतःकडं ओढला. चादर आली, चादरीबरोबर टीपॉयवरचं कापड आलं, आणि कापडाबरोबर किटली आली. ती दोन्ही चादरींच्या बरोबर मधोमध कलंडली. झाकण घरंगळत हत्तुरेंच्या पायाशी गेलं. आलं-वेलदोडा घातलेला किटलीभर चहा चादरींनी शांतपणे पिऊन टाकला.

हत्तुरेंची बायको म्हणाली, "सोलापुरी चादर हाय, थेंब बी खाली जाऊ दिला न्हाई."

अभिमन्यू पुढं झाला. मदत करावी म्हणून त्यानं पहिली चादर उचलून उलगडली. प्रत्येक पदरावर चहाचा एक डाग उमटला होता. दानेश्वरीनं दुसरी उलगडली. मग दोघांनी त्या जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या आणि सगळे वाकून बघू लागले. कुणी मोठ्यानं मोजलं नाही, सगळ्यांचे ओठ मात्र हलत होते. एकीवर आठ डाग होते, दुसरीवर नऊ.

"पटलं का?" श्रीदेवीबाईंनी विचारलं. "का अजून दुसरी किटली ठेवू?"

शरणप्पा खुर्चीत बसले. अंगातली हवा गेल्यासारखे. कुणाकडं न बघता ते म्हणाले, "ती पुण्याला गेली असती. नाहीतर बेंगळुरूला. हे जुळे सोलापुरात आहेत. दहा मिनिटांवर. म्हटलं, एका प्रश्नासाठी हेही हातचं जायला नको. संध्याकाळी मग मी कुणाशी बोलायचं?"

दानेश्वरीच्या हातात चादरीचं टोक तसंच राहिलं. वडील असं काही बोलू शकतात हे तिला आजवर माहीत नव्हतं. ती त्यांच्यावर रागावली होती आणि तिला रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम करता येत नाही म्हणून ती अभिमन्यूकडं वळली. 

"तुम्हाला बरोबर येत होतं," ती म्हणाली. "तरी मोठ्यांनी खोकून दाखवलं म्हणून चुकीचं बोललात. उद्या घरात कुणी काही चुकीचं सांगितलं, तर असंच माझ्यासमोर 'हो' म्हणणार?"

हत्तुरे खोकायच्या बेतात होते. बायकोनं त्यांच्या दंडाला धरलं.

अभिमन्यूनं या वेळी बोटं हलवली नाहीत. "मला भीती वाटली," तो म्हणाला. "तुमचा फोटो बघून आलो होतो. बरोबर उत्तर दिलं आणि तुमच्या घरच्यांना ते चूक वाटलं, तर नकार येईल. म्हणून बोललो. पण बोलताना लाज वाटली. परत नाही बोलणार."

"वडिलांनी सांगितलं तरी?"

त्यानं वडिलांकडं पाहिलं. "बाबा, तुमचं चुकलं आज."

"व्हय की," हत्तुरे मोकळेपणानं म्हणाले. "मला काय म्हाईत, सरांना बी येत न्हाई म्हणून."

दानेश्वरीनं दोन्ही चादरी उचलल्या आणि धुवायला मागच्या मोरीकडं घेऊन गेली. जरा वेळानं आतून आवाज आला, "आई, यांना विचार, चहाचे डाग निघायला त्यांच्या कारखान्यात काय वापरतात?"

अभिमन्यू सांगायला स्वतःच उठून गेला. बराच वेळ परत आला नाही. श्रीदेवीबाईंनी किटली उचलली आणि परत चहा ठेवला. या वेळी शरणप्पांचा कप त्यांनी टीपॉयवर न ठेवता थेट त्यांच्या हातात दिला.

पुढचे दोन-चार दिवस शरणप्पा गल्लीतून खाली मान घालून गेले. भाजीवाल्यासमोर त्यांनी पहिल्यांदा मोबाइल काढला, तेव्हा भाजीवाल्यालाच वाईट वाटलं. पण त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होती. दानेश्वरीनं होकार दिला होता, आता तिकडून आला की झालं. शाळा सुटल्यावर शुक्रवार पेठेतून जुळे सोलापूर, भागवत चित्रपटगृहाकडून जायचं की सात रस्त्याकडून, हे त्यांनी दोनदा स्कूटरवर जाऊन बघूनही ठेवलं होतं. शेंगा घेऊनच जायचं, म्हणजे तिकडच्यांना त्रास नको. रोज नाही. म्हणजे, रविवारी नाही.

बुधवारी संध्याकाळी दुधनीहून फोन आला. हत्तुरेंनी शरणप्पांच्या नाही, श्रीदेवीबाईंच्या मोबाइलवर केला. श्रीदेवीबाईंचे हात पिठात होते, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. शरणप्पा खुर्ची ओढून जवळ आले.

"ताई, आमच्याकडून होकार हाय बगा!" हत्तुरे ओरडले. "पोरगी लई आवडली सगळ्यांना. तुमी बी आवडलासा. शांत हाव."

"आनंद वाटला," श्रीदेवीबाई म्हणाल्या.

"घरात जरा चर्चा झाली. आमची मंडळी म्हणाली, सगळं चांगलं हाय, पण मुलीचे वडील तेवढे जरा... मी म्हणलं, अगं, येड्यासारखं काय बोलालीस? पोरगी येणार हाय आपल्याकडं. तिचे वडील कुटं रोज नांदायला येणार हायत?"

श्रीदेवीबाईंनी पिठाचे हात तसेच धरून नवऱ्याकडं पाहिलं. शरणप्पांच्या हातात शेंगांची पुडी होती.

"दादा," त्या मोबाइलकडं वाकून म्हणाल्या, "त्याची खात्री मात्र मी देऊ शकत नाही हां."